यंत्राच्या वहीतली आपली आवड

(खारेपाटण इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

फलकावर विषय लिहिलाय, ‘एआय सहाय्यक आपली आवडनिवड कशी लक्षात ठेवतात’. हा विषय खारेपाटणात कशाला, असं काहींनी आल्या आल्या विचारलं. त्याचं कारण तुमच्या खिशातच आहे. २०२५ च्या जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटीची पैसे पडणारी आवृत्ती वर्षभर फुकट देऊ केली. ऑक्टोबर संपता संपता जिओने १८ ते २५ वयाच्या मुलांपासून सुरुवात करून गूगलचं जेमिनी प्रो दीड वर्षासाठी फुकट द्यायला घेतलं. आणि ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो ही योजना भारतात वर्षभरासाठी मोफत केली. चार महिन्यांत तीन कंपन्या दारात आल्या. आजवर आपल्याकडे असं फक्त निवडणुकीच्या आधी व्हायचं.

फुकट का, याचं एक उत्तर सगळे देतात: सवय लागावी म्हणून. ते बरोबरच आहे. पण आम्हाला दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्षभर तुम्ही एकाच सहाय्यकाशी बोललात, की तुमचं शिक्षण, दुखणं, कर्ज, बाग, नातेवाईक हे सगळं त्याच्याकडे साठतं. मग तो सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगायचं. उधारीचं दुकान बदलता येतं हो, पण वही दुकानातच राहते.

आम्ही काही जण, म्हणजे इथले आणि आसपासच्या गावांतले वाचणारे लोक, वर्षभर या वह्या वाचत आलोय. ज्याची त्याची यादी ज्याने त्याने उघडायची आणि त्यात काय लिहिलंय ते बघायचं, एवढाच उद्योग. त्यातून जे मत झालं ते आज मांडतो.

आधी यंत्र उघडून बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये ‘मेमरी’ची चाचणी जाहीर केली. एप्रिल २०२५ मध्ये ती वाढवून आधीच्या सगळ्या संभाषणांचा संदर्भ घेण्याची सोय आली. गूगलच्या जेमिनीने आणि अँथ्रॉपिकच्या क्लॉडनेही तोच रस्ता धरला. ‘स्मरण’, ‘शिकणं’ हे शब्द ऐकले की आपल्याला वाटतं, आपल्याशी बोलून बोलून यंत्राच्या मेंदूत काहीतरी बदलत असेल. तसं होत नाही. मॉडेल एकदा तयार झालं की तुमच्याशी बोलताना त्याच्या आतले आकडे हलत नाहीत. तुम्हाला ओळखणारं असं वेगळं मॉडेल कुठेही नसतं.

मग होतं काय? दवाखान्यातला केसपेपर आठवा. डॉक्टर दिवसाला शंभर पेशंट तपासतात, त्यांना तुमचं तोंडही लक्षात नसतं. पण कंपाउंडर आधी तुमचा केसपेपर त्यांच्यासमोर सरकवतो. डॉक्टर एक नजर टाकतात आणि म्हणतात, ‘काय, गुडघा कसा आहे?’ आपण खूश. सहाय्यकाचं हेच आहे. तुम्ही बोलताना एखादं वाक्य नोंदण्यासारखं वाटलं, की त्याची चिठ्ठी होते: वापरणारा शाकाहारी आहे, त्याची आंब्याची बाग आहे, त्याला थोडक्यात उत्तरं आवडतात. पुढच्या वेळी तुम्ही ‘नमस्कार’ लिहिता तेव्हा ही चिठ्ठी, तुम्हाला न दिसता, तुमच्या प्रश्नाच्या आधी जोडली जाते. जुन्या संभाषणांतला तुकडा हवा असेल तर मजकुराचं आकड्यांत रूपांतर करून, आत्ताच्या प्रश्नाच्या जवळचा वाटेल तो तुकडा शोधून पुढे ठेवायचा, ही एक रूढ पद्धत. एका वेळी समोर मावणारा मजकूर मर्यादित असतो, म्हणून निवड करावी लागते. ती निवड कोण करतं? तुम्ही नाही.

याखेरीज शिकण्याची दुसरी एक वाट आहे आणि तिची गल्लत होऊ नये. उत्तराखाली अंगठा वर, अंगठा खाली अशी चिन्हं असतात. तुम्ही दाबलेला अंगठा तुमच्या वहीत जात नाही. लाखो लोकांच्या अंगठ्यांबरोबर तो कंपनीकडे जातो आणि पुढचं मॉडेल घडवताना वापरला जाऊ शकतो. पहिल्या वाटेने यंत्र तुमच्यासारखं वागू बघतं, दुसऱ्या वाटेने सगळ्यांनाच आवडेल असं. या दोन्ही वाटा पुढे एकत्र येतात, तिथे जरा थांबावं लागेल.

ही कल्पना नवी नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत इलेन रिच या संशोधिकेने ‘ग्रंडी’ नावाच्या संगणकप्रणालीवर निबंध लिहिला. ग्रंडी म्हणजे ग्रंथपालाचं सोंग. वाचकाने स्वतःचं वर्णन चार शब्दांत करायचं, ग्रंडीने त्याला काही ठरीव साच्यांत बसवायचं आणि त्यावरून कादंबरी सुचवायची. प्रतिसाद मिळेल तसा अंदाज दुरुस्त करायचा. त्यांनी आपल्या निबंधाच्या नावातच ‘साचे’ हा शब्द घातला होता. आजच्या कंपन्या त्याला ‘तुम्हाला ओळखणं’ म्हणतात. शब्द बदलला, साचे आहेत तिथेच आहेत.

आता आमच्या मुख्य हरकतीकडे येतो.

आपल्याकडे ‘चलात’ हा शब्द आहे. मुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगतो, मालवणीतलं ‘चालेल’. पण ‘चलात’चा अर्थ कोण म्हणतंय आणि कसं म्हणतंय यावर. सोलकढी पुढे केली आणि चेहरा फुलवून ‘चलात’ म्हटलं, तर आवडते. चहा कोराच आहे म्हटल्यावर ‘चलात’ म्हटलं, तर दूध असतं तर बरं झालं असतं. आणि लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्या म्हाताऱ्याने मान खाली घालून ‘चलात’ म्हटलं, तर ते चालणारं नसतं, त्याचा इलाज संपलेला असतो. हे तीनही ‘चलात’ इथल्या शाळकरी पोराला वेगवेगळे कळतात. यंत्राच्या वहीत तिघांची नोंद एकच होते: वापरणाऱ्याला पसंत आहे.

म्हणजे आवड, सवय, गरज आणि नाईलाज या चार गोष्टी आहेत, आणि या वहीला एकच रकाना आहे. आम्ही ज्या याद्या पाहिल्या त्यातल्या बऱ्याचशा नोंदी इंग्रजीत होत्या, बोलणं मराठीत झालं असलं तरी. आणि त्या नोंदींतलं लाडकं क्रियापद ‘प्रिफर्स’. अमक्याला स्वस्त तिकीट ‘प्रिफर’. त्या माणसाने गणपतीला येण्यासाठी चार वेळा सगळ्यात स्वस्त गाडी विचारली होती. का, तर पगार झाला नव्हता. पुढे मार्च महिन्यात आईला मुंबईत डॉक्टरकडे न्यायचं होतं तेव्हा सहाय्यकाने त्याला रात्रीची, दोन ठिकाणी बदलायची गाडी पहिली सुचवली. म्हातारीला मांडी घालता येत नाही, तिला कुठे दोन गाड्या बदलायला लावता? पण वहीत लिहिलं होतं ना, याला स्वस्त आवडतं.

दुसरं उदाहरण त्याहून गंभीर. आमच्यातल्या एक मावशी, वय सत्तरीच्या पुढे, दोन दोन शब्दांत प्रश्न लिहायच्या. डोळ्यांना नीट दिसत नाही, मोबाइलची अक्षरं बारीक, बोट थरथरतं. लांब उत्तर आलं की त्या ‘पुरे’ लिहायच्या. यंत्राने निष्कर्ष काढला की यांना थोडक्यात उत्तरं आवडतात. हळूहळू उत्तरं आखूड होत गेली. मग त्यांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर एक काढा घेतला तर चालेल का, असं विचारलं. उत्तर एका ओळीचं आलं, आणि ज्या ‘पण’ आणि ‘मात्र’साठी आपण डॉक्टरला विचारतो, ते नेमके गळले होते. सुदैवाने नात शेजारी होती. तिने तोच प्रश्न स्वतःच्या मोबाइलवर विचारला, तर पानभर उत्तर आलं आणि त्यात पहिलंच वाक्य, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. प्रश्न एकच होता, वह्या दोन होत्या.

बागायतदारांचं तर विचारू नका. एकाने शेजाऱ्यासाठी जीवामृत कसं करायचं ते एकदा विचारलं. तेव्हापासून सहाय्यक त्याला सेंद्रिय शेतकरी समजून बसला. मोहोरावर तुडतुडे आले, करपा दिसायला लागला, तरी प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘तुमच्या सेंद्रिय पद्धतीला धरून’. सेंद्रिय चांगलं की वाईट हा आजचा विषय नाही. पण हंगामात चार दिवस चुकीच्या दिशेने गेले तर काय होतं, ते इथे कुणाला सांगायला नको.

कुणी म्हणेल, माणूसही असंच चुकतो. चुकतो. पण वाण्याला माहीत असतं की ज्या महिन्यात तुम्ही जाडा तांदूळ नेलात, त्या महिन्यात घरात आजारपण होतं. तो पुढच्या महिन्यात आपणहून विचारतो, नेहमीचा देऊ ना? त्याची आठवण कारणासकट असते. यंत्राच्या वहीत वाक्य राहतं आणि कारण गळतं. आणि कारण गळलं की नाईलाजाची नोंद आवड म्हणून कायम होते. गरिबाच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण गरिबाच्या आयुष्यात नाईलाज जास्त. ज्याच्या हातात पैसा, वेळ आणि भाषा आहे, त्याची निवड ही बहुतेक वेळा खरीच निवड असते. त्याची वही बरीचशी बरोबर येते. म्हणून या सोयीचं कौतुक करणारे लेख आपण वाचतो तेव्हा ते कोण लिहितंय हेही बघावं.

आता एक अडचण, जी या सोयी बनवणाऱ्यांच्या ध्यानात फारशी नसावी असं वाटतं. हे सगळं ‘एक माणूस, एक फोन, एक खातं’ असं धरून बांधलेलं आहे. आपल्या घरांत तसं असतं का? चांगला फोन एक असतो. सकाळी त्यावर वडील कर्जाचे हप्ते मोजतात, दुपारी आई व्हिडिओ बघते, संध्याकाळी मुलं अभ्यास करतात. वहीत या चौघांचा मिळून एक माणूस तयार होतो: पन्नाशीचा, दहावीत शिकणारा, काजूची बाग असलेला आणि भरतकामाची आवड असलेला. ऐकायला गंमत वाटते. आम्हीही हसलो होतो.

पण आम्हाला माहीत असलेल्या एका घरात, गाव सांगत नाही, मुलीने त्या फोनवर पुण्याच्या नर्सिंग अभ्यासक्रमाची चौकशी केली होती. वसतिगृह, फी, सगळं. घरी अजून काही बोलली नव्हती. बारावीचा निकाल हातात आला की बोलणार होती. तिने संभाषण पुसलंही होतं. पंधरा दिवसांनी वडिलांनी कर्जफेडीचा हिशोब विचारला. उत्तर व्यवस्थित आलं आणि शेवटी मदतीच्या सुरात एक वाक्य: पुण्याच्या नर्सिंगच्या फीसाठी रक्कम बाजूला ठेवायची असेल तर हप्ता असा असा करता येईल. त्या रात्री घरात काय झालं असेल याची कल्पना करा. संभाषण पुसलं तरी त्यावरून केलेली नोंद वेगळी राहू शकते, हे त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. नोंद न ठेवणारं तात्पुरतं संभाषण सुरू करायची सोय यातल्या बऱ्याच सहाय्यकांत आहे, तेही तिला माहीत नव्हतं. मुलगी पुढे शिकायला गेली, ते सोडा. पण निकालाच्या दिवशी, आपल्या शब्दांत, आपल्या वेळेला सांगायची जी गोष्ट होती, ती यंत्राने तिच्या आधी सांगून टाकली. त्याने खोटं काही सांगितलं नाही. खरंच सांगितलं, पण ज्याला सांगायचं नव्हतं त्याला.

आता त्या दोन वाटा एकत्र येतात त्या ठिकाणी जाऊ. २०२५ च्या एप्रिलअखेरीस ओपनएआयने चॅटजीपीटीच्या एका मॉडेलमध्ये बदल केला, आणि ते इतकं तोंडपुजं झालं की चार-पाच दिवसांत कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. लोकांच्या वेड्यावाकड्या कल्पनांनाही ते वाहवा देऊ लागलं होतं. नंतर कंपनीने जे स्पष्टीकरण दिलं त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, अंगठा वर-खालीच्या प्रतिसादाला शिकवणीत जास्त वजन दिल्याने हे घडायला हातभार लागला. दुसरी, काही बाबतींत वापरणाऱ्याच्या स्मरणनोंदींमुळेही हा लाळघोटेपणा वाढल्याचं दिसलं, जरी सगळीकडे तसं होतं याचा पुरावा नव्हता. कंपनीने हे कबूल केलं याचं श्रेय द्यायला हवं. पण त्याचा अर्थ बघा. माणसाला पसंत पडेल असं शिकवलेलं यंत्र, आणि त्याच्या हातात या विशिष्ट माणसाला काय रुचतं याची यादी. जुन्या दरबारात अशा माणसाला नोकरी पटकन मिळायची आणि राज्य त्याहून पटकन बुडायचं.

इथे खरं तर मैत्री आणि चाकरी यांतला फरक आहे. मित्राला आपली आवड माहीत असते आणि तरी तो एखाद वेळी आवडणार नाही ते बोलतो. तो बोलतो कारण त्याला आपली आवड माहीत आहे. कुठे दुखेल हे जाणून बोलतो. पसंतीची यादी हातात असलेल्या यंत्राला मात्र तीच यादी पाळायची असते. आम्ही असं म्हणत नाही की ही यंत्रं कधीच विरोध करत नाहीत. करतात, आणि अलीकडे त्यावर मेहनतही घेतली जाते. पण ‘मला सरकारी भाषेत उपदेश नको’ असं एकदा सांगून ठेवलेल्या माणसाला धोक्याची सूचना कोणत्या भाषेत द्यायची, हा प्रश्न अजून कुणी नीट सोडवलेला आम्हाला दिसला नाही.

आता खारेपाटणकडे वळू. इथे सापडलेल्या ताम्रपटांबद्दल आपण शाळेत एक ओळ वाचलेली असते. शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट. त्याचं वाचन छापणाऱ्या पहिल्या विद्वानांत आपल्या जवळच्याच पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर होते. आणि दुसरा अनंतदेवाचा, शके १०१६, म्हणजे इ.स. १०९४-९५ चा, जो पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी छापला. आपल्या विषयासाठी हा दुसरा जास्त कामाचा. त्यात काय आहे? भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या दोन भावांच्या मालवाहतुकीवरची जकात राजाने माफ केली आहे. कुठे कुठे, तर श्रीस्थानक म्हणजे ठाणं, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमूली म्हणजे चेऊल, नागपूर नावाचं एक बंदर, आणि कोकणातली इतर बंदरं.

जरा विचार करा. हे काय आहे? या माणसाशी कसं वागायचं याची नोंद. बंदरावरचा जकातदार बदलेल, राजा बदलेल, तरी हा माल आला की जकात मागायची नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर वापरणाऱ्याची स्मरणनोंद. पण ती नोंद कुठे राहिली? दान किंवा सवलत ज्याला दिली, ताम्रपट त्याच्या हातात द्यायची पद्धत होती. म्हणून तर असे ताम्रपट राजवाड्यांच्या अवशेषांत कमी आणि गावागावांत, घराघरांत जास्त सापडले. त्यात कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं हे लिहिलेलं. बहुधा लिहिणाऱ्याचंही नाव असायचं. जकातदाराने अडवलं तर व्यापारी पत्रा पुढे करू शकत होता. आठवण ज्याच्याबद्दल, पुरावा त्याच्या हातात.

हे दोघे भाऊ मोठी माणसं होती, राज्यात अमात्य आणि सांधिविग्रहिक. सामान्य कोळ्याला कुणी ताम्रपट दिला नाही हे आम्हालाही कळतं. सामान्याच्या वाट्याला काय आलं ते आपल्या आजोबांना विचारलं असतं तर कळलं असतं: खोताची वही. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात कुळाने किती भात घातलं, किती बाकी राहिली, हे खोताच्या दप्तरात. कुळाला बहुतेक वेळा वाचता येत नसे. खोत म्हणेल ती बाकी. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. खोतीविरुद्धचा लढा जमिनीचा होता, वेठीचा होता. पण तो वहीचाही होता. तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते तुला वाचता येत नाही, आणि तुझं आयुष्य मात्र त्यावर ठरतं, ही ती स्थिती.

म्हणून गावची जुनी आठवण फार मायेची होती आणि यंत्राची तेवढी कोरडी, असं रडगाणं आम्ही गाणार नाही. गाव जात लक्षात ठेवतं. तीन पिढ्यांपूर्वीचं भांडण लक्षात ठेवतं. कित्येक माणसं मुंबईला गिरणीत गेली ती पोटासाठी, आणि थोडी यासाठीही की तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. विसरलं जाणं हेही सुख आहे. यंत्राबद्दलची आमची तक्रार ते आठवतं अशी नाहीच. वही कुणाच्या हातात आहे, आणि चुकली तर दुरुस्त कशी होते, ही तक्रार आहे.

दुरुस्तीचा एक नमुना आपल्याकडे घरचाच आहे. सातबारा. तलाठ्याला कितीही शिव्या घाला, सातबाऱ्यात बदल करायचा तर फेरफार नोंद घालावी लागते. संबंधितांना नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कागदावरून बदल झाला ते मागाहून बघता येतं. आमचं म्हणणं असं की सहाय्यकाच्या वहीलाही फेरफार हवा. ‘यांना थोडक्यात उत्तरं आवडतात’ अशी नोंद करण्याआधी मावशींना त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात विचारायला काय हरकत आहे? मी असं लिहितोय, बरोबर आहे का? कोणत्या बोलण्यावरून लिहिलं ते दाखवावं. सध्या काही सहाय्यक नोंद केल्यावर बारीक अक्षरात कळवतात, यादी बघू देतात, एकेक नोंद पुसू देतात. ते चांगलंच आहे. पण जुन्या सगळ्या संभाषणांतून जो अंदाज बांधला जातो, तो असा ओळीओळीने दिसतोच असं नाही. यादी हा सातबारा झाला, आणि खरं काम चालतं तलाठ्याच्या मनात, असं काहीसं.

पुसण्याचं एक सांगून टाकतो. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआयवर जो दावा केला आहे, त्यात मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने कंपनीला संभाषणं जपून ठेवायला सांगितली, वापरणाऱ्यांनी पुसलेलीसुद्धा. सप्टेंबरअखेरीस ते बंधन उठलं. कंपनीने त्याला विरोध केला होता, त्यामुळे दोष कुणाचा हा मुद्दा नाही. मुद्दा असा की खारेपाटणात बसून तुम्ही ‘डिलीट’ दाबता, आणि ते पुसायचं की नाही हे एखाद वेळी न्यूयॉर्कच्या न्यायालयात ठरतं.

आपल्या कायद्याचं काय? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. आपल्याबद्दलच्या माहितीचा गोषवारा मागणं, ती दुरुस्त करून घेणं, पुसून घेणं हे हक्क त्यात आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायची आहेत. तोवर फुकट योजनांची मुदत बहुतेक संपलेली असेल आणि वह्या भरलेल्या असतील. आणखी एक गोष्ट गाळली गेली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. २०१९ च्या विधेयकात आपली माहिती एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. युरोपच्या कायद्यात तो आहे. २०२३ च्या आपल्या कायद्यात तो राहिला नाही. ताम्रपट हातात मिळण्याचा हक्क तो हाच होता. आज काही कंपन्या आपणहून नोंदी बाहेर काढू देतात, पण ती त्यांची मर्जी. उद्या बंद केली तर भांडायला कलम नाही.

बोलणं इथे थांबवतो, कारण आता काम आहे. फोन आणलेत ना? सेटिंग्ज उघडा, त्यात ‘पर्सनलायझेशन’ किंवा ‘मेमरी’ असं काहीतरी दिसेल, आणि आपापली यादी मनातल्या मनात वाचा. मोठ्याने नको, आणि शेजाऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नका. इंग्रजी अडलं तर आम्ही फिरतोच आहोत. ज्या मावशींची गोष्ट सांगितली त्या मागच्या रांगेत बसल्यात. त्यांनी गेल्या महिन्यात ती नोंद पुसून मालवणीत नवीन सांगून ठेवलीय, माका सगळा सविस्तर सांग, अक्षर मोठा ठेव. ती इंग्रजीत कशी उतरली आहे, ते त्यांची हरकत नसेल तर आधी बघू.